डागाचे औषध आणि रंगाचे औषध

चेहऱ्यावरचे काळे डाग घालवणाऱ्या मलमांबद्दल बोलताना लोकांच्या सहसा दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, झाडपाल्याची जुनी औषधे निर्धोक होती, रसायने आली आणि घात झाला. दुसरी म्हणते, जुने सगळे अंदाजपंचे होते, खरे औषध प्रयोगशाळेतूनच आले. इतिहास या दोघींच्याही बाजूने साक्ष देत नाही. पुरावे ओळीने लावून पाहिले, तर गुण आणि अपाय यांना वेगळी करणारी रेषा नैसर्गिक-कृत्रिम किंवा जुने-नवे अशी पडलेली दिसत नाही. ती पडते उद्देशावरून. एका उद्देशाला डाग दिसतो: गालावरचे वांग, मुरूम बरा झाल्यावर मागे राहिलेला काळा ठिपका, भाजल्याची खूण. दुसऱ्या उद्देशाला जन्मजात वर्णच डागासारखा वाटतो. डागाच्या औषधाला शेवट असतो. डाग आजूबाजूच्या त्वचेत मिसळला की त्याचे काम संपते. रंगाच्या औषधाला शेवट नसतो, कारण त्वचा आपला मूळ रंग रोज नव्याने तयार करते आणि मलम थांबवले की तो परत येतो. जालीम द्रव्य आणि न संपणारा वापर एकत्र आले की हानी ठरलेली असते. गेल्या शतकभरात या मलमांनी केलेले मोठे अपाय बहुतेक वेळा याच वाटेने आले, असे माझे म्हणणे आहे.

आयुर्वेदात हे दोन्ही उद्देश स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. सुश्रुत आणि वाग्भट यांनी क्षुद्ररोगांच्या यादीत व्यंग, न्यच्छ, नीलिका, तिलकालक अशी वेगवेगळी नावे देऊन त्वचेवरच्या डागांचे वर्गीकरण केले. व्यंग म्हणजे आपले वांग: चेहऱ्यावर येणारा, न दुखणारा, पातळ आणि सावळा चट्टा. त्याचे कारण म्हणून क्रोध आणि श्रमाने बिघडलेले वात-पित्त सांगितले आहे. उपाय म्हणून मधात कालवलेली मंजिष्ठा किंवा अर्जुनाच्या सालीचा लेप येतो. पण दुसरीकडे चरकाने ‘वर्ण्य’ नावाचा दहा द्रव्यांचा गटही दिला आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा अशी वर्ण उजळवणारी द्रव्ये त्यात आहेत. म्हणजे रंग उजळण्याची हौस विलायती कंपन्यांनी आपल्याकडे आणली, हे खरे नाही. ती इथे होतीच. मग त्या काळच्या लेपांनी मोठा उत्पात केल्याचे का दिसत नाही? याचे उत्तर द्रव्यांच्या सौम्यपणात आहे. ज्येष्ठमधातला ग्लॅब्रिडिन हा घटक मेलॅनिन तयार होण्याला अडथळा करतो, हे आधुनिक प्रयोगांतही दिसले आहे, पण पाण्यात किंवा दुधात कालवून तासाभराने धुऊन टाकायच्या लेपातून त्याचा फारच थोडा अंश आत उतरतो. उटणे वर्षानुवर्षे लावले तरी त्वचेचे काही बिघडत नाही, तसा रंगही फारसा बदलत नाही. द्रव्य दुबळे होते, म्हणून मुदत पाळण्याची गरज पडली नाही. जे द्रव्य खरोखर रंग घालवू शकते, त्याच्याबाबतीत मात्र हा हिशेब चालत नाही.

असे जालीम द्रव्य म्हणजे पारा. त्वचेच्या रंगपेशींमध्ये टायरोसिनेज नावाचे विकर असते. मेलॅनिन बनवण्याची पहिली पायरी तेच चढते आणि त्यासाठी त्याला तांब्याचे अणू लागतात. पारा त्या तांब्याची जागा घेतो, विकर लुळे पडते आणि नवा रंग तयार होणे मंदावते. युरोप-अमेरिकेत गोऱ्या चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके घालवण्यासाठी पाऱ्याची मलमे दीर्घकाळ राजरोस विकली गेली. पुढे हीच मलमे आफ्रिकेत आणि आशियात रंग उजळवण्यासाठी खपू लागली, आणि ठिपक्यावर लावायचे मलम रोज सकाळ-संध्याकाळ सबंध चेहऱ्यावर आणि हातांवर चोळले जाऊ लागले. त्वचेतून शरीरात गेलेला पारा मूत्रपिंडात साठतो. १९७२ साली नैरोबीतल्या डॉक्टरांनी अंगाला सूज येऊन लघवीतून प्रथिने जाणाऱ्या ६० प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ३२ जण उजळपणाची मलमे वापरत होते, आणि त्या मलमांत पाऱ्याचा क्षार होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा मलमांतल्या पाऱ्यावर बंदी घातली. पाऱ्याची जागा घेणारे दुसरे द्रव्य तोवर बाजारात आलेले होते, त्यामुळे उत्पादकांना ही बंदी फार जड गेली नाही.

ते दुसरे द्रव्य ज्या घटनेतून पुढे आले, ती जवळून पाहण्यासारखी आहे. १९३९ साली ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन या तीन अमेरिकन डॉक्टरांनी चामडे कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांविषयी एक नोंद प्रसिद्ध केली. कामगारांच्या हातांचा रंग उडाला होता. रंग गेलेला भाग बोटांपासून मनगटाच्या वर, हातमोजा जिथे संपतो तिथवर होता. कृष्णवर्णी कामगारांच्या अंगावर तर जणू पांढरे हातमोजेच चढवलेले दिसत होते. चौकशी अंती दोष कातड्याचा किंवा चुन्याचा निघाला नाही, रबरी हातमोज्यांचा निघाला. रबर लवकर विटू नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोनपासून बनलेले मोनोबेन्झोन हे रसायन मिसळले होते. घामेजल्या त्वचेत ते उतरले आणि रंगपेशी मारून गेले. काहींच्या बाबतीत तर रबर जिथे लागलेही नव्हते, अशा जागीही पांढरे चट्टे उठले. कामगारांच्या दृष्टीने हा निव्वळ अपघात होता, पण जे रसायन रंग घालवते ते डागही घालवेल, हा विचार डॉक्टरांच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. १९५३ साली लर्नर आणि फिट्झपॅट्रिक यांनी डागांवर मोनोबेन्झोनचा उपयोग करून पाहिला. ते बेभरवशाचे ठरले. डाग तर जाई, पण त्या जागी कायमचा पांढरा चट्टा पडे. मग त्याचेच सौम्य भावंड, फोटो धुण्याच्या द्रावणात वापरले जाणारे साधे हायड्रोक्विनोन, १९६० च्या दशकात पुढे आले. ते रंगपेशींचे काम दाबून ठेवते. मोजक्या प्रमाणात आणि मोजके दिवस वापरले, तर लावणे थांबवल्यावर पेशी पुन्हा आपल्या कामाला लागतात.

मोजकेपणाची ही अट १९७५ च्या क्लिगमन-विलिस सूत्रात सर्वांत स्पष्ट दिसते. त्या सूत्रात ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्का डेक्सामेथासोन होते. तिघांची कामे ठरलेली होती. हायड्रोक्विनोन मेलॅनिन अडवते. ट्रेटिनॉइन वरच्या थरातल्या पेशी लवकर झडवून साठलेला रंग बाहेर काढते आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला मदत करते. या दोघांमुळे होणारी आग आणि लाली डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शमवते. रचना विचारपूर्वक केलेली होती आणि तिचा गुणही येत होता. अमेरिकेत २००२ साली याच धर्तीचे, सौम्य स्टेरॉइड घातलेले मलम वांगासाठी मंजूर झाले, तेव्हा उपचाराची मुदत आठ आठवड्यांपर्यंतच ठेवण्यात आली. ही मुदत औषधाचाच एक भाग आहे. ती काढून घेतली, तर ट्यूबमधले द्रव्य तेच राहूनही औषध तेच राहत नाही.

मुदत गेल्यावर काय होते, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळाले. वर्णभेदाच्या राजवटीत रंगावर माणसाचा रस्ता, शाळा, नोकरी आणि राहण्याची वस्ती ठरत होती. तिथे उजळपणाच्या मलमांचा धंदा मोठा झाला यात नवल नाही. १९७५ मध्येच, म्हणजे क्लिगमनचे सूत्र प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, फिंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोक्विनोनची मलमे वर्षानुवर्षे लावणाऱ्या कृष्णवर्णी स्त्रियांच्या चेहऱ्यावरचा एक नवा विकार नोंदवला. गालफडांवर, कपाळाच्या कडांना, डोळ्यांखाली निळसर काळी छटा चढलेली असे आणि तिच्यात राईच्या दाण्यांसारखे बारीक काळे उंचवटे हाताला लागत. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या खोल थरात पिवळट तपकिरी, केळ्यासारखे वाकलेले तंतू दिसत. वैद्यकात याला ऑक्रोनोसिस म्हणतात. तो एकदा झाला की पुसणे जवळपास अशक्य असते. यातली सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे या विकाराचे पहिले लक्षण काळवंडणे हेच असते. बाईला वाटते, मलम कमी पडते आहे. ती आणखी जाड थर लावते आणि विकार वाढत जातो. मलमाचा उद्देश एखादा ठराविक डाग असता, तर तो बरा झाला की चिघळला हे चार महिन्यांत कळले असते. उद्देश वर्ण असल्यामुळे थांबण्याची खूणच कुठे नव्हती. त्वचारोगतज्ज्ञ आणि वर्णभेदविरोधी कार्यकर्ते यांनी मिळून दबाव आणल्यावर १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेने सौंदर्यप्रसाधनांतल्या हायड्रोक्विनोनवर बंदी घातली. युरोपीय संघानेही २००१ मध्ये तेच केले.

भारतातली वाट वेगळी होती, पण ती पोचली त्याच ठिकाणी. १९७५ सालीच हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. त्यात पारा नव्हता, हायड्रोक्विनोनही नव्हते. मुख्य भर नायसिनमाइडवर, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वावर आणि उन्हापासून रक्षण करणाऱ्या घटकांवर होता. त्वचेला त्याने फार इजा केली असे म्हणता येणार नाही. त्याच्या जाहिरातींनी जे केले ते वेगळे होते. गोरेपणा ट्यूबमधून मिळतो, तो रोज लावायचा असतो आणि त्यावर लग्न-नोकरी अवलंबून असते, ही समजूत त्यांनी घरोघर पक्की केली. सौम्य क्रीमने अपेक्षेइतका उजाळा आला नाही, की गिऱ्हाईक मेडिकलच्या काउंटरवर ‘जरा जास्त चांगले’ काही मागू लागले. तिथे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे स्वस्तात आणि विनाचिठ्ठी मिळत होती. स्टेरॉइडचा गुण चार-पाच दिवसांत दिसतो, कारण ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते आणि चेहरा फिकट दिसू लागतो. स्टेरॉइड मलमांची ताकद मोजण्याची १९६२ पासूनची रूढ कसोटीच मुळी ‘त्वचा किती पांढरी पडते’ ही आहे. गिऱ्हाइकाला हा फिकटपणा गोरेपणा वाटला. काही महिन्यांनी त्वचा पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, मुरूम आणि लव आली. मलम सोडावे तर चेहऱ्याची आग होऊ लागली, म्हणून ते पुन्हा सुरू झाले. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या विकाराचे २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांपैकी २९ टक्क्यांनी ते गोरेपणाचे किंवा सर्वसाधारण क्रीम म्हणून लावले होते. बाहेरून लावायच्या औषधांना नियमांत मिळालेली सवलत हे याचे एक कारण होते. २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची ही सवलत काढून घेण्यात आली आणि ती कागदोपत्री तरी चिठ्ठीशिवाय विकता येईनाशी झाली.

यावर एक आक्षेप सरळ आहे. द्रव्य इतके घातक असेल, तर उद्देशाच्या चर्चेत कशाला शिरायचे? द्रव्यावरच बंदी घाला. पाऱ्याच्या बाबतीत हे पूर्ण बरोबर आहे, कारण त्याचा कोणताही डोस त्वचेला लागत नाही. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानेही पाऱ्याची प्रसाधने टप्प्याटप्प्याने बाद केली आहेत. पण एका द्रव्यावर बंदी घातली तरी मागणी तशीच राहते आणि दुसऱ्या द्रव्याकडे वळते, हे वरच्या प्रत्येक प्रकरणात दिसले. पारा गेल्यावर हायड्रोक्विनोन आले. त्याच्यावर निर्बंध आल्यावर स्टेरॉइड आले, आणि चोरट्या बाजारातून पारा परत आला. केरळमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी उजळपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आणि मुंबईतल्या तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे वृत्तही महाराष्ट्राने वाचले आहे. नैरोबीच्या अभ्यासाला तोवर पन्नास वर्षे झाली होती. बंदी आवश्यक आहे, पण ती एकटी पुरत नाही, याचा याहून ठळक पुरावा नको.

दुसरा आक्षेप म्हणजे सगळे रासायनिक सोडून नैसर्गिकाकडे वळावे. त्याला जपानने उत्तर दिले आहे. कानेबो कंपनीने २००८ मध्ये रोडोडेंड्रॉल हा घटक असलेली उजळपणाची प्रसाधने आणली. हा रेणू मॅपल आणि बर्चसारख्या झाडांच्या सालीत निसर्गतःच असतो आणि त्याला रीतसर मंजुरीही होती. जुलै २०१३ मध्ये कंपनीला ती प्रसाधने परत बोलवावी लागली, कारण वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर पांढरे चट्टे पडत होते. तक्रारदारांची संख्या पुढे १९ हजारांवर गेली. या रेणूचे रूपांतर टायरोसिनेज हे विकर रंगपेशींना मारक अशा पदार्थात करते, असे संशोधनात दिसले. चामड्याच्या कारखान्यातल्या रबरी हातमोज्यांनी जे केले, तेच ७४ वर्षांनी झाडाच्या सालीतल्या रेणूने केले. त्वचेला द्रव्याचे कूळ कळत नाही. तिला कळते ते त्याची रचना, त्याचे प्रमाण आणि किती दिवस ते अंगावर राहिले ते.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र डॉक्टरांकडून येऊ शकतो. वांग हा मुळात चिवट विकार आहे. गर्भारपण, हार्मोन आणि ऊन यांच्या मेळातून तो येतो, बरा होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत फिरतो. मग डागाच्या औषधाला शेवट असतो, हे म्हणणे टिकते का? माझ्या मते टिकते, पण त्यासाठी उपचाराची दोन अंगे वेगळी करावी लागतात. डाग उतरवणे हे मुदतीचे काम आहे आणि डाग पुन्हा येऊ न देणे हे कायमचे. कायमच्या कामाला रंगपेशींवर घाव घालणारे द्रव्य लागत नाही. मोरोक्कोत सुमारे २०० गर्भवती स्त्रियांना नियमाने सनस्क्रीन लावायला दिले, तेव्हा त्यांच्यात नव्याने वांग येण्याचे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी राहिले. त्याच देशातल्या आधीच्या अभ्यासात ते निम्म्याहून अधिक होते. अतिनील किरणांइतकाच दृश्य प्रकाशही सावळ्या त्वचेचा रंग गडद करतो, हे २०१० मध्ये डेट्रॉइटमध्ये झालेल्या संशोधनातून दिसले. म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन आपल्यासारख्या वर्णाला अधिक उपयोगी पडते. त्याला ॲझेलिक ॲसिडची जोड देता येते. हे द्रव्यही इटलीतल्या संशोधकांना अपायाच्याच वाटेवर सापडले: शिबे आणणारी बुरशी त्वचेवर फिकट ठिपके का पाडते, याचा शोध घेताना. ते निरोगी त्वचेच्या रंगाला फारसे शिवत नाही, अतिचपळ झालेल्या रंगपेशींवरच मुख्यतः काम करते. त्यामुळे डागासाठी ते उपयोगी आणि रंगाच्या बाजारासाठी निरुपयोगी आहे. 

शेवटचा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. एखाद्या मुलीला उजळ दिसायचे असेल, तर तिला अडवणारे आपण कोण? तिच्या इच्छेला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही, विशेषतः ‘गोरी, सुस्वरूप’ अशा जाहिराती देऊन सून शोधणाऱ्या समाजाला तर मुळीच नाही. पण स्वातंत्र्याला माहिती लागते. नैरोबीतल्या बाईला डबीतल्या पाऱ्याची माहिती नव्हती. मेडिकलमधून ट्यूब नेणाऱ्या मुलीला चौथ्या दिवशीचा फिकटपणा आवळलेल्या शिरांचा आहे, हे कोणी सांगितले नव्हते. ज्या निवडीची किंमत लपवलेली असते, तिला स्वातंत्र्य म्हणणे म्हणजे विकणाऱ्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर ढकलणे होय. कंपन्यांनी नावे बदलली, २०२० मध्ये ‘फेअर’चे ‘ग्लो’ झाले. या बदलाला अर्थ आहे, पण रोज आणि आयुष्यभर लावण्याचे वचन तसेच राहिले, तर मूळ दोषही तसाच राहील.

या इतिहासातून निघणारा धडा म्हणूनच व्यवहाराचा आहे. डाग घालवणाऱ्या कोणत्याही प्रभावी मलमाच्या चिठ्ठीवर लावण्याच्या वेळेइतकीच ठळकपणे थांबण्याची तारीख लिहिलेली असावी. डॉक्टरांनी ती लिहावी, औषध विक्रेत्याने चिठ्ठीवाचून ट्यूब देऊ नये आणि रुग्णाने तारीख दिसत नसेल तर विचारून घ्यावी. पार्लरमधून किंवा ओळखीतून आलेल्या, घटकांची यादी नसलेल्या डबीला घरात थारा देऊ नये. आणि डाग नसलेल्या चेहऱ्यासाठी असे मलम कोणी मागितले, तर या औषधाला इथे काम नाही, एवढे सांगण्याचे धैर्य सांगणाऱ्याकडे असावे. द्रव्ये पुढेही बदलत जातील, अधिक सफाईदार होतील. पण सावळी त्वचा हा रोग नाही, म्हणून तिच्यावरच्या कोणत्याही उपचाराला बरे होण्याची तारीख देता येत नाही. ज्या उपचाराला अशी तारीख देता येत नाही, तो सुरूच न करणे हाच नैरोबीपासून अकोल्यापर्यंतच्या पुराव्याचा निष्कर्ष आहे.